काया, वाचा, मने : ठाणे-कल्याण परिसरातील उपवासकाळ

ईस्टरपूर्वी येणाऱ्या चाळीस दिवसांच्या पर्वाला मराठी ख्रिस्ती समाज 'उपवासकाळ' किंवा 'प्रायश्चित्तकाळ' म्हणतो. इंग्रजीतून आलेला 'लेंट' हा शब्दही शहरी घरांत रुळलेला आहे. लॅटिन परंपरेत या पर्वाचे नाव 'क्वाद्राजेसिमा', म्हणजे 'चाळिसावा', असे आहे, तर पूर्व सिरियाक परंपरा त्याला 'सौमा रब्बा', म्हणजे महाउपवास, म्हणते. चाळीस ही संख्या बायबलमधून आली आहे : मोशे सिनाय पर्वतावर चाळीस दिवस राहिला, एलिया संदेष्टा चाळीस दिवस चालून होरेब पर्वतापर्यंत पोहोचला आणि येशूने आपल्या कार्याला आरंभ करण्यापूर्वी अरण्यात चाळीस दिवस उपवास केला. इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या नियमांत या 'चाळीस दिवसां'चा उल्लेख सापडतो, म्हणजे तोपर्यंत हे पर्व ख्रिस्तसभेत चांगलेच परिचित झाले होते.

ईस्टरची तारीख चंद्राच्या गतीवर ठरत असल्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोणत्याही रविवारी येऊ शकतो, आणि त्यानुसार उपवासकाळही मागे-पुढे सरकतो. लॅटिन पद्धतीत तो ईस्टरच्या ४६ दिवस आधी, राखेच्या बुधवारी, सुरू होतो. मधले सहा रविवार पुनरुत्थानाचे स्मरण करणारे असल्याने उपवासात धरले जात नाहीत, आणि उरतात ते चाळीस दिवस. ठाणे जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांत हे दिवस बहुधा दहावी-बारावीच्या परीक्षा आणि उन्हाळ्याची पहिली झळ यांच्यासोबतच येतात. धावपळ सर्वांत अधिक असते त्याच दिवसांत हे पर्व माणसाला थांबायला सांगते.

'उपवास' या शब्दातच या पर्वाचे मर्म साठवलेले आहे. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे. पोटाला दिलेली विश्रांती हा या शब्दाचा रूढ अर्थ असला, तरी देवाजवळ राहणे हा त्याच्या घडणीतून निघणारा अर्थ आहे. चातुर्मासात एखादा पदार्थ वर्ज्य करणाऱ्या, एकादशीचा नेम सांभाळणाऱ्या किंवा रमजानचे रोजे पाळणारे शेजारी पाहिलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. ख्रिस्ती उपवासकाळाचे वेगळेपण असे की त्याचा रोख पश्चात्तापाकडे आणि बाप्तिस्म्याच्या नूतनीकरणाकडे असतो. प्राचीन काळी ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी याच दिवसांत होत असे, आणि पुढे संपूर्ण मंडळीच त्यांच्याबरोबर ही तयारी करू लागली.

एकचित्त भक्तीचा अर्थ

राखेच्या बुधवारच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनाविधीत, पहिले वाचन योएल संदेष्ट्याच्या ग्रंथातून होते. संपूर्ण अंतःकरणाने देवाकडे परत या, आणि दुःख दाखवण्यासाठी कपडे फाडण्यापेक्षा आपले अंतःकरणच फाडा, असा त्याचा आशय आहे. येथे 'अंतःकरण' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो, कारण हिब्रू भाषेतील 'लेव' हा शब्द केवळ भावनांचे स्थान दाखवत नाही; विचार, स्मरण, निर्णय आणि इच्छा यांचेही स्थान तेच मानलेले आहे. त्यामुळे संपूर्ण अंतःकरणाने भक्ती करणे म्हणजे भावनेचा पूर येणे असा अर्थ होत नाही. आयुष्याचा एकही कप्पा देवापासून वेगळा न ठेवणे, हा त्याचा अर्थ आहे. मराठी संतपरंपरेतील 'अनन्यभाव' हा शब्द या आशयाच्या फार जवळ जातो.

त्याच दिवशी वाचले जाणारे मत्तयकृत शुभवर्तमानातील वचन दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी लोकांनी पाहाव्यात म्हणून करू नका, असे बजावते. हेच तिन्ही आचार उपवासकाळाचे आधारस्तंभ मानले जातात, आणि मराठीतील 'काया, वाचा, मने' या जुन्या शब्दसमूहाच्या प्रकाशात ते पाहिले तर त्यांची एकमेकांशी असलेली सांगड लगेच ध्यानात येते : उपवासाने देह, प्रार्थनेने वाणी आणि पश्चात्तापातून उपजणाऱ्या दानधर्माने मन देवाकडे वळते. यांपैकी एकच वळले आणि बाकीची दोन होती तिथेच राहिली, तर भक्ती अर्धी राहते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसरात हे वळणे कसे घडत आले, हे पाहण्यासारखे आहे, कारण या भूमीशी ख्रिस्ती उपासनेचे नाते पोर्तुगीजांच्या आगमनापेक्षा बरेच जुने आहे.

जुनी मुळे : कल्लियाना आणि ठाणे

सहाव्या शतकात कॉसमस इंडिकोप्ल्यूस्टेस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवासी व्यापाऱ्याने 'कल्लियाना' नावाच्या ठिकाणी पर्शियातून नेमलेला एक बिशप, म्हणजे धर्माध्यक्ष, असल्याची नोंद केली आहे. हे ठिकाण म्हणजे उल्हास नदीच्या खाडीवरचे कल्याण बंदर होय, असे अनेक अभ्यासक मानतात. पर्शियातून आलेली ही परंपरा पूर्व सिरियाक म्हणून ओळखली जाते. मध्ययुगीन युरोपीय लेखक तिच्या अनुयायांना 'नेस्टोरियन' म्हणत.

चौदाव्या शतकात या परंपरेची कुटुंबे ठाण्यात राहत होती, हे एका दुःखद घटनेमुळे इतिहासात नोंदले गेले. १३२१ मध्ये टोलेन्टिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस हे चार फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या संघाचे सदस्य, चीनकडे जाण्याच्या उद्देशाने निघाले असता समुद्रमार्गे ठाण्यास येऊन पोहोचले आणि एका नेस्टोरियन कुटुंबाच्या घरी उतरले. नगरात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे त्यानंतर थोड्याच काळाने येथे आलेल्या पोर्देनोनेच्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने लिहिले आहे. यजमानाच्या घरातील एका तंट्यावरून या पाहुण्यांना न्यायासनासमोर साक्षीला जावे लागले, तेथे धर्मविषयक वादाला तोंड फुटले, आणि अखेर तत्कालीन सत्ताधीशांच्या आज्ञेने त्यांपैकी तिघांना ९ एप्रिलला आणि पीटरला ११ एप्रिलला प्राण गमवावे लागले. त्यांच्याबरोबर आलेला डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डन त्या वेळी सोपाऱ्याच्या वाटेवर असल्यामुळे वाचला आणि त्याने मृतांना सोपाऱ्यास नेऊन पुरले; पुढे ओदोरिकने त्यांच्या अस्थी चीनमधील झैतून, म्हणजे आजच्या च्वानचौ, बंदरापर्यंत नेल्या.

उपवासकाळाच्या दृष्टीने या घटनेतील तारखा महत्त्वाच्या आहेत. १३२१ मध्ये ईस्टर १९ एप्रिलला होता, म्हणजे ९ एप्रिल हा झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीचा गुरुवार आणि ११ एप्रिल हा त्या रविवारच्या आदल्या दिवशीचा शनिवार होता. उपवासकाळाचे अखेरचे दिवस चालू असताना, ज्या आठवड्यात येशूच्या दुःखभोगाचे स्मरण करायचे त्याच्या उंबरठ्यावर, हे चौघे त्या वाटेने स्वतः चालून गेले. त्यांच्या मृत्यूला कारण ठरलेल्या कलहातून आज कोणाविषयी कटुता बाळगण्याचे कारण नाही. ठाण्यातल्या ख्रिस्ती भाविकाला मात्र ही आठवण सांगते की अनन्यभावाचे मोल एके काळी याच नगरात चार माणसांनी देहाने चुकते केले.

काया : राख आणि ताट

राखेच्या बुधवारी ठाण्यात मासुंदा तलावाजवळ पोर्तुगीज काळापासून नांदणाऱ्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये, तसेच कल्याण आणि डोंबिवलीतील लॅटिन विधीच्या चर्चमध्ये, भाविक रांगेने वेदीपाशी येतात आणि धर्मगुरू त्यांच्या कपाळावर अंगठ्याने राखेचा क्रूस काढतात. माणूस मातीतून आला आणि मातीलाच मिळणार आहे, याचे स्मरण देणारे शब्द त्या वेळी उच्चारले जातात. ही राख मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. वर्षभर घरातल्या क्रुसामागे खोचून ठेवलेल्या, वाळून कडक झालेल्या झावळ्या भाविक आधीच चर्चमध्ये आणून देतात. सकाळच्या मिस्सेनंतर अनेक जण तसेच कामावर निघतात, आणि त्या दिवशी लोकलच्या गर्दीत एखाद्या कपाळावर घामाने किंचित पसरलेला राखाडी क्रूस दिसतो.

कॅथलिक धर्मनियमांनुसार १८ वर्षे पूर्ण झालेल्या आणि साठाव्या वर्षात पदार्पण न केलेल्या व्यक्तीने राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास करायचा असतो, म्हणजे दिवसात एकदाच पोटभर जेवून इतर दोन वेळा अगदी थोडे खायचे असते; तर १४ वर्षांवरील प्रत्येकाने या दोन दिवशी आणि उपवासकाळातील शुक्रवारी मांस टाळायचे असते. मासळीला ही बंदी नाही. एवढे नियमाचे झाले, परंतु बहुतेक भाविक त्यापुढे जाऊन स्वतःचा एखादा नेम धरतात : कोणी चाळीस दिवस मटण-कोंबडी सोडतो, कोणी दारू, कोणी गोड, आणि अलीकडे कोणी मोबाइलवरचा वेळ. ज्या गोष्टीने मन आपल्या नकळत बांधले गेले आहे ती ओळखून सोडणे, हा या नेमामागचा विचार आहे.

कल्याणमध्ये याच पर्वाचा दुसरा आरंभही पाहायला मिळतो. केरळातून नोकरी-व्यवसायासाठी येऊन मुंबईच्या उपनगरांत स्थिरावलेल्या सीरो-मलबार कॅथलिकांसाठी पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ मध्ये कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन केला आणि २०२५ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. हा समाज पूर्व सिरियाक परंपरेचा वारसदार असल्यामुळे, कॉसमसचे कल्लियाना म्हणजे कल्याणच असेल, तर पर्शियन परंपरेच्या धर्माध्यक्षाचे आसन सुमारे चौदा शतकांनी त्याच गावी परत आले, असे म्हणता येते. त्यांचा उपवास बुधवारी सुरू न होता त्याच आठवड्यातील सोमवारी सुरू होतो. त्या दिवशी कपाळाला लावल्या जाणाऱ्या राखेला मल्याळममध्ये 'विभूती' असेच म्हणतात, आणि या पर्वाला 'पन्नास दिवसांचे नोंबु', म्हणजे पन्नास दिवसांचे व्रत, असे नाव आहे. जुन्या रिवाजानुसार या काळात मांस, मासे, अंडी आणि दूध वर्ज्य करतात आणि घरात लग्नकार्य काढत नाहीत. एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन कॅथलिक कुटुंबांचा उपवास अशा रीतीने दोन वेगळ्या दिवशी सुरू होतो आणि एकाच ईस्टरला सुटतो.

वाचा : पुराण आणि क्रुसाची वाट

मराठीत ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे गायन करण्याची परंपरा चारशे वर्षांहून अधिक जुनी आहे. इंग्लंडमधून आलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ओवी छंदात रचलेल्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. १६५९ मध्ये फ्रान्सिस्को वाझ द गिमराइंश या धर्मगुरूचे, ख्रिस्ताच्या दुःखभोगावर आणि मरणावर उत्तर कोकणच्या बोलीत रचलेले, दीर्घकाव्य लिस्बनमध्ये छापले गेले. उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांत तेही 'पुराण' याच नावाने ओळखले जाई, आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्या आवृत्त्या मुंबईत निघाल्या. १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकल्यानंतर युरोपीय मिशनरी निघून गेले आणि उपासनेची धुरा देशी धर्मगुरूंच्या हाती आली. त्या काळातही श्रद्धा टिकली याचे बरेचसे श्रेय मातृभाषेतून पाठ झालेल्या प्रार्थना आणि ओव्या यांना द्यावे लागते. जे ओठांवर बसलेले असते ते पुस्तक नसले तरी आणि गुरू नसला तरी माणसाबरोबर राहते.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हाच धागा नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी भजन-कीर्तनाच्या रूपाने पुढे नेला. तुकारामांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोहोचण्याची वाट दाखवली, अशी त्यांची धारणा होती, आणि म्हणूनच त्यांच्या भक्तिगीतांत वारकरी आर्तता ख्रिस्ताच्या चरणी वाहिलेली दिसते. या मंडळ्यांत उपवासाचे नियम तितके काटेकोर नसतात. गुड फ्रायडेला मात्र येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर मनन करणारी दीर्घ उपासना बहुधा दुपारी बारा ते तीन या वेळात होते.

कॅथलिक चर्चमध्ये उपवासकाळातील दर शुक्रवारी 'क्रुसाची वाट' चालली जाते. येशूला मृत्युदंड सुनावल्यापासून त्याला कबरेत ठेवण्यापर्यंतचे चौदा प्रसंग चर्चच्या भिंतींवर चित्रांतून किंवा शिल्पांतून लावलेले असतात, आणि भाविक एका प्रसंगापासून दुसऱ्यापर्यंत जात प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकून प्रार्थना करतात. यरुशलेमच्या पवित्र स्थळांची देखभाल चौदाव्या शतकापासून फ्रान्सिस्कनांकडे आहे, आणि तेथे प्रत्यक्ष जाऊ न शकणाऱ्यांसाठी ही भक्ती जगभर पसरवण्यात त्यांचाच मोठा वाटा आहे. प्रसंगांची संख्या चौदा असावी हे १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांच्या काळात निश्चित झाले. कल्याण-डोंबिवलीत हीच वाट मराठी, कोंकणी, इंग्रजी, तमिळ आणि मल्याळम अशा भाषांतून चालली जाते. या भक्तीत वाणी आणि देह एकत्र येतात, कारण चौदा वेळा उठणे आणि चौदा वेळा गुडघे टेकणे हे दिवसभर उभ्याने प्रवास करून आलेल्या माणसाला सोपे नसते.

मने : निवेदन आणि दान

देहाला शिस्त लागली आणि ओठांवर प्रार्थना आली, तरी मन जुन्याच वाटेवर राहू शकते, आणि म्हणून उपवासकाळात 'प्रायश्चित्त संस्कारा'वर विशेष भर असतो. याला मराठीत 'पापनिवेदन' आणि कोंकणीत 'कुमसार' म्हणतात. भाविक धर्मगुरूसमोर आपल्या अपराधांची कबुली देतो, पश्चात्ताप व्यक्त करतो आणि क्षमेचे वचन ऐकतो. गंभीर पापांची कबुली वर्षातून निदान एकदा द्यावी, हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने घालून दिला. आपल्याच तोंडून आपला दोष नेमक्या शब्दांत सांगणे ही मनाची फार अवघड कसरत आहे. मोघम पश्चात्ताप माणसाला मोकळा करत नाही. ज्या भावाशी बोलणे टाकले आहे त्याचा उल्लेख करावा लागतो, तेव्हा कोठे त्याच्या दाराशी जाण्याची तयारी होते.

याच तयारीचे दृश्य रूप म्हणजे दान. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात उपवासकाळातील प्रायश्चित्त केवळ आंतरिक आणि व्यक्तिगत न राहता बाह्य आणि सामाजिकही असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. भारतातील कॅथलिक ख्रिस्तसभेची कारितास इंडिया ही समाजसेवी संस्था दरवर्षी याच काळात भूक आणि रोग यांविरुद्धची मोहीम चालवते. घरोघरी रोजच्या खर्चातून वाचवलेले पैसे बाजूला ठेवले जातात आणि शेवटी चर्चमध्ये जमा होतात. उपवासाने वाचलेला घास दुसऱ्याच्या ताटात पोहोचला नाही, तर तो उपवास नुसती काटकसर ठरतो, ही शिकवण चौथ्या-पाचव्या शतकातील धर्माचार्यांपासून चालत आलेली आहे.

पवित्र सप्ताह : तिन्ही धारांचा संगम

उपवासकाळाचा शेवटचा आठवडा 'पवित्र सप्ताह' म्हणून पाळला जातो. झावळ्यांच्या रविवारी हातात झावळ्या घेऊन मिरवणूक निघते. पवित्र गुरुवारी संध्याकाळी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुऊन येशूने शिष्यांच्या केलेल्या सेवेचे स्मरण करतात, आणि त्यानंतर वेदीवरची वस्त्रे काढून ती उघडी ठेवतात. गुड फ्रायडेला मिस्सा होत नाही. दुःखभोगाचे वाचन होते आणि भाविक एकामागून एक पुढे येऊन क्रुसाचे चुंबन घेतात. शनिवारच्या रात्री नवा अग्नी पेटवून त्यावर मोठी मेणबत्ती लावली जाते आणि तिच्या ज्योतीवरून अंधारातल्या शेकडो मेणबत्त्या पेटत जातात.

याच गुरुवारच्या रात्री कल्याण-डोंबिवलीतील सीरो-मलबार घरांत 'पेसहा' साजरा होतो. 'पेसहा' म्हणजे वल्हांडण, इजिप्तच्या गुलामीतून झालेल्या सुटकेचा यहुदी सण, ज्याच्या भोजनप्रसंगी येशूने आपल्या शिष्यांचा निरोप घेतला. तांदूळ आणि उडीद वाटून, पीठ न आंबवता, एक जाड अप्पम वाफवतात. त्यावर झावळ्यांच्या रविवारी आणलेल्या पात्याचा छोटा क्रूस ठेवतात, आणि नारळाचे दूध व गूळ यांचे 'पाल' सोबत करतात. प्रार्थना झाल्यावर कुटुंबप्रमुख अप्पम तोडतो आणि वयाच्या क्रमाने प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा देतो, जो दोन्ही हात पुढे करून घ्यायचा असतो. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तेथे अप्पम करत नाहीत. त्या घरी शेजारचे किंवा नात्यातले लोक आपल्याकडचा नेऊन देतात.

या एका तुकड्यात उपवासकाळाचे तिन्ही आचार एकत्र आलेले दिसतात. तो हातात घेणारा देह अनेक आठवड्यांच्या पथ्याने हलका झालेला असतो, तो तोडताना म्हटलेली प्रार्थना पिढ्यान्‌पिढ्या पाठ असते, आणि शेजारच्या शोकाकुल घराचा वाटा आधी बाजूला काढून ठेवल्याशिवाय ताट पूर्ण होत नाही. संपूर्ण अंतःकरणाने केलेल्या भक्तीची खूण याहून मोठ्या गोष्टीत शोधण्याची गरज नाही. रात्री उशिरा अप्पमवरचा पात्याचा क्रूस देवापुढे ठेवला जातो, तर लॅटिन विधीच्या घरांत रविवारची झावळी भिंतीवरच्या क्रुसामागे खोचली जाते. वर्षभर ती तेथेच वाळते, आणि पुढच्या उपवासकाळाच्या आरंभी राख होऊन त्याच घरातल्या माणसांच्या कपाळांवर परत येते.